गुरुजी कोठे राहतात?

सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेले धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या सहा तालुक्यांपैकी अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन तालुके डोंगरदऱ्यांचे आणि दुर्गम म्हणून ओळखले जातात. खान्देशातील व्यापारी कुटुंबांना धडगाव परिचित आहे ते प्रामुख्याने आमचुरामुळे. उन्हाळ्यात गावठी आंब्याच्या कैऱ्या सोलून, त्यांच्या चकत्या करून त्या उन्हात वाळविल्या जातात आणि तो माल पोत्यांतून बाजारात येतो. मोहाची फुले, चारोळी, डिंक, सीताफळ हाही याच डोंगराचा माल. मालाचा रंग आणि कोरडेपणा पाहून त्याची प्रत व्यापाऱ्याला क्षणात कळते. परंतु ज्या हातांनी तो माल वाळविला, त्या हातांच्या घरातील मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षकाविषयी बाजारपेठेत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : ‘गुरुजी रोज येतात का?’ हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच्या आधी विचारावयास हवा असा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही : ‘गुरुजी राहतात कोठे?’

शिक्षकाचे राहणीमान आणि त्याच्या अध्यापनातील सर्जनशीलता यांचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटतो. धडगावसारख्या ठिकाणी तो अगदी जवळचा असल्याचे दिसून येते.

वर्गातील पहिला आठवडा

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या घरी पावरी किंवा भिलोरी बोलली जाते. पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीत असते. नोकरीनिमित्त मराठवाड्यातून किंवा पश्चिम महाराष्ट्रातून येथे आलेल्या शिक्षकाला मुलांची भाषा ठाऊक नसते आणि मुलांना त्याची. शहरातील मुलासाठी शाळा हे घराचेच पुढचे पाऊल असते. येथे मात्र शाळेचा उंबरठा ओलांडताच ओळखीचा शब्द संपतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के असताना नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती. या अंतराची कारणे अनेक आहेत. दारिद्र्य, ऊसतोडणीसाठी व शेतमजुरीसाठी गुजरातकडे होणारे स्थलांतर, विखुरलेले पाडे. परंतु वर्गातील ही भाषेची भिंत त्यांपैकी एक प्रमुख कारण आहे, हे शिक्षणक्षेत्रात काम करणारे सर्वजण मान्य करतात.

अशा वर्गात सर्जनशीलता ही चैनीची बाब उरत नाही. रंगीत कागदांचे तक्ते किंवा स्नेहसंमेलनातील नृत्य एवढाच तिचा अर्थ नव्हे. जे पुस्तकात नाही आणि प्रशिक्षणातही सांगितलेले नाही, ते समोरच्या मुलाकडे पाहून रोज नव्याने शोधून काढणे, हा तिचा खरा अर्थ. एक साधे उदाहरण घेता येईल. शेकडेवारी शिकविताना पुस्तकातील दुकानदार आणि त्याचा नफा यांऐवजी शिक्षकाने मुलांना आमचूर आठवावयास सांगितला, ओल्या चकत्यांचे वजन आणि वाळल्यानंतरचे वजन फळ्यावर मांडले, तर ‘घट’ हा शब्द आणि त्यामागचे गणित पाड्यावरील मुलाला तत्काळ उमगेल. कारण ती घट त्याने आपल्या अंगणात पाहिलेली असते. व्यापारी घरातील मुले शेकडेवारी जशी दुकानात बसूनच शिकतात, तशीच ही गोष्ट आहे.

परंतु ही कल्पना शिक्षकाला सुचावी कशी? त्यासाठी त्याने अंगणात वाळत घातलेला आमचूर पाहिलेला असावा लागतो. सायंकाळी पाड्यावर बसून चार शब्द कानी पडलेले असावे लागतात. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजाराला स्थलांतरित कुटुंबे परततात, तेव्हा कोणते मूल आले आणि कोणते राहिले हे त्याला कळावे लागते. शाळा सुटताच शेवटची जीप गाठण्यासाठी निघणाऱ्या शिक्षकाला यांतील काहीही दिसत नाही. तो कामचुकार असतो असे नव्हे; त्याच्या दिवसात ती सायंकाळच नसते.

मनाची मोकळी जागा

जीवनमानाची गुणवत्ता म्हणजे काय, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने बराच विचार केला आहे. संघटनेने तयार केलेल्या संक्षिप्त प्रश्नावलीत २६ प्रश्न असून, दोन सर्वसाधारण प्रश्न वगळता, ते शारीरिक आरोग्य, मानसिक स्थिती, सामाजिक संबंध आणि परिसर या चार अंगांमध्ये विभागलेले आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या २६ प्रश्नांपैकी पैशाविषयी थेट विचारणारा प्रश्न एकच आहे. उरलेल्या प्रश्नांत झोप, घर, सुरक्षितता, वाहतुकीची सोय, विरंगुळ्याची संधी, मित्रांचा आधार, आरोग्यसेवा यांची विचारणा आहे. धडगाव परिसरातील एखाद्या पाड्यावरील शिक्षकासमोर ही प्रश्नावली ठेवली, तर वेतनाच्या प्रश्नावर तो कदाचित समाधान नोंदवील; घर, वाहतूक, आरोग्यसेवा आणि सोबत या प्रश्नांपाशी मात्र त्याची लेखणी थबकेल.

अडचणीचा बुद्धीवर काय परिणाम होतो, याचा एक प्रसिद्ध अभ्यास भारतातच झालेला आहे. तमिळनाडूतील ५४ खेड्यांतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धिचाचणी पीक हाती येण्यापूर्वी आणि नंतर अशी दोनदा घेण्यात आली. शेतकरी तेच; परंतु पैशाची ओढाताण असलेल्या काळात त्यांची कामगिरी खालावलेली आढळली आणि उसाचे पैसे हाती आल्यानंतर ती सुधारली. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसाची बुद्धी कमी होत नाही. काळजी तिचा मोठा भाग व्यापून टाकते. ज्याने उद्या वटावयाच्या धनादेशासाठी आज रात्री रकमेची जुळवाजुळव केली आहे, अशा कोणत्याही दुकानदाराला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्या रात्री त्याला व्यवसायाची नवी कल्पना सुचत नाही. तो केवळ दिवस निभावून नेतो.

शिक्षकाचेही असेच असते. धडगाव येथे किंवा पाड्यावर एक चूल, मुलांच्या शिक्षणासाठी शहादा किंवा नंदुरबार येथे दुसरी चूल, आणि मूळ गावी वृद्ध आईवडील, अशी त्रिस्थळी यात्रा करणाऱ्या माणसाच्या मनात कल्पनेसाठी मोकळी जागा किती उरणार? शिक्षिकांची स्थिती तर अधिक बिकट. एकटीने राहण्यासाठी सुरक्षित खोली, स्वच्छतागृह, आजारपणात जवळ असणारा दवाखाना या प्राथमिक गोष्टींपासून त्यांची विवंचना सुरू होते. पती दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात नोकरीला असेल, तर पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीची प्रतीक्षा हा त्यांच्या कौटुंबिक जीवनाचा स्थायीभावच होऊन बसतो.

वेतन आवश्यक, परंतु पुरेसे नव्हे

शिक्षकांना आता भरपूर पगार मिळतो, मग तक्रार कसली, असा सूर अनेकदा ऐकू येतो. सेवेत कायम झालेल्या शिक्षकाचे वेतन समाधानकारक आहे, हे खरे. परंतु उमेदीची पहिली तीन वर्षे तो शिक्षणसेवक असतो. २००० साली ही योजना सुरू झाली, तेव्हा प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मासिक मानधन ३,००० रुपये होते. पुढे ते ६,००० रुपये झाले आणि दीर्घकाळ तेथेच थांबले. १ जानेवारी २०२३ पासून ते १६,००० रुपये करण्यात आले. उत्साह सर्वाधिक असतो त्या वयात, घरापासून दूर, याच मानधनावर दोन ठिकाणचा खर्च भागविण्याची कसरत तरुण शिक्षकाने केली आहे. आदिवासी भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता देण्याचा शासन निर्णय ६ ऑगस्ट २००२ चा. भत्ता मूळ वेतनाच्या १५ टक्के, परंतु कमाल मर्यादा दरमहा १,५०० रुपये. टक्केवारी उदार आणि मर्यादा आखडती असली की अखेरीस हाती मर्यादाच येते, हे व्याजाचा हिशेब जाणणाऱ्यांना ठाऊक असते.

तरीही केवळ वेतन वाढविल्याने वर्ग जिवंत होतो, असे मानणे चुकीचे ठरेल. इंडोनेशियाने प्रमाणपत्रधारक शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट केले. त्याचा काटेकोर अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांचे समाधान वाढले, आर्थिक ताण घटला, जोडधंदा करणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले. परंतु विद्यार्थ्यांच्या शिकण्यात दोन-तीन वर्षांनंतरही काही फरक पडला नाही. काळजी दूर होणे ही पहिली पायरी आहे. त्या मोकळ्या झालेल्या मनाला काम करण्याजोगी परिस्थिती मिळाली नाही, तर मन मोकळे राहूनही रिकामेच राहते.

ही परिस्थिती कोणती, याचे उत्तर भारतातील एका पाहणीत सापडते. पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले मायकेल क्रेमर आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये देशातील सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन शिक्षकांच्या अनुपस्थितीची नोंद केली. देशभरात सरासरी चारपैकी एक शिक्षक अनुपस्थित आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी, सुमारे १५ टक्के होते. अधिक वेतन घेणारे शिक्षक अधिक नियमित असतात, असे काही या पाहणीत दिसले नाही. ज्या शाळांची नुकतीच तपासणी झाली होती, ज्या शाळांत सोयी बऱ्या होत्या आणि ज्या शाळा पक्क्या रस्त्याजवळ होत्या, तेथे शिक्षक अधिक प्रमाणात हजर होते. देखरेख हवी, हे यातून स्पष्ट होते. त्याचबरोबर रस्ता आणि इमारत यांचे मोलही स्पष्ट होते. पावसाळ्यात दरड कोसळून चांदसैली घाट बंद पडतो, तेव्हा धडगावचा खालच्या मुलखाशी असलेला एक दुवा तुटतो. नर्मदाकाठच्या गावांची कथा आणखी वेगळी. सरदार सरोवराच्या जलाशयामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. तेथील कित्येक पाड्यांवर आजही होडीतून जावे लागते. वेतन महिन्यातून एकदा भेटते. वाट रोज दोनदा भेटते.

मुख्यालयाचा वाद

शिक्षकाने मुख्यालयी राहावे, असा नियम आहे. घरभाडे भत्ता घेऊन शिक्षक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहतात, अशी तक्रार विधिमंडळापर्यंत गेलेली आहे. ग्रामसभेचा वास्तव्याचा ठराव आणण्याची अट घातली गेली, आणि मग ठराव कागदावर व वास्तव्य शहरात असेही प्रकार घडले. करदात्याचा संताप समजण्यासारखा आहे. जे नाही ते आहे असे लिहून देणे हा दोष आहे आणि त्याचे समर्थन करता येणार नाही.

तथापि या वादात दोन्ही पक्ष एका गोष्टीला बगल देतात. पाड्यावर भाड्याने घर असते का? कुडाच्या भिंतींचे, स्वतःच्या कुटुंबालाच अपुरे पडणारे घर असणारा शेतकरी शिक्षकाच्या कुटुंबाला खोली कोठून देणार? जे घर अस्तित्वात नाही, त्याचा भत्ता देणे आणि तेथे राहत नाही म्हणून दोष देणे, हा व्यवहार कोणत्याही जमाखर्चात बसणारा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ग्रामीण भागातील शिक्षकांसाठी शाळेच्या आवारात किंवा जवळपास निवासस्थान देण्याचा अथवा वाढीव घरभाडे भत्त्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. धोरणातील वाक्य आणि पाड्यावरील पाया यांच्यात मात्र अजून बरेच अंतर आहे.

घर नसल्याचा परिणाम बदल्यांवरही होतो. २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणाने अवघड क्षेत्रात तीन वर्षे पूर्ण करणारा शिक्षक बदलीस अधिकारप्राप्त ठरविला. शिक्षकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. कोणा एकावर आयुष्यभर दुर्गम सेवा लादणे योग्य नव्हे. परंतु पहिले वर्ष भाषेचा कानोसा घेण्यात जाते, दुसऱ्या वर्षी मुले बोलू लागतात आणि तिसऱ्या वर्षी शिक्षक अर्ज भरू लागतो. मुरलेला मुनीम दर तीन वर्षांनी पेढी सोडून जात असेल, तर पेढीचे जे होईल तेच शाळेचे होते. त्याला थांबविण्यासाठी सक्तीपेक्षा राहण्याजोगे घर अधिक उपयोगी पडेल.

वेळ आणि सोबत

घराइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. परंतु शालेय पोषण आहाराच्या नोंदी, निरनिराळ्या ऑनलाइन माहित्या आणि बैठका यांना कायद्याने अडविलेले नाही. साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक बैठकीला गेला की दुसऱ्याकडे पहिली ते चौथी असे चारही वर्ग येतात. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून जेथे टेकडी चढावी लागते, तेथे ‘आजच माहिती भरा’ या आदेशाची किंमत एक अख्खी दुपार असते.

तिसरी गोष्ट सोबत. नवी कल्पना एकट्याच्या डोक्यात जन्मते, परंतु ती टिकते ती दुसऱ्याच्या शब्दावर. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी काही वर्षांपूर्वी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्गांचा कायापालट केला. फरशीवर आखलेली चित्रे आणि मुलांच्या हाती दिलेले साहित्य पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे येत. तेथे बदलली ती एखादी शाळा नव्हे. शेजारशेजारच्या शाळांमधील शिक्षक एकमेकांचे पाहून, एकमेकांना विचारून बदलले. धडगाव परिसरात एका शाळेपासून दुसऱ्या शाळेपर्यंत जाण्यास डोंगर उतरून चढावा लागतो. तेथील शिक्षकाला एखादा प्रयोग साधला, तरी ‘छान झाले’ असे म्हणणारे कोणी जवळ नसते, आणि फसला तर ‘असे करून पाहा’ असे सांगणारेही नसते.

त्यागाचा दाखला

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे पुढे येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना कोणत्या सुखसोयी होत्या? ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी वारली मुलांसाठी अंगणवाडी रुजविली. महागडी साधने नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांतून शैक्षणिक साहित्य निर्माण झाले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच कुरणावर नेण्यात आली. सर्जनशीलतेचे याहून उत्तम उदाहरण मराठी भूमीत शोधावे लागेल. धडगावच्या परिसरातही असाच दाखला आहे. नर्मदा खोऱ्यातील निमगव्हाण, चिमलखेडी आदी गावांत १९९० च्या दशकाच्या आरंभी नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा सुरू केल्या. अल्प मानधनावर काम करणारे स्थानिक तरुण मुलांसोबत निवासी राहून, मुलांच्याच बोलीतून, नदी-जंगलाचा आधार घेत शिकवू लागले.

मग सोयींची आवश्यकता काय? या उदाहरणांकडे नीट पाहिले असता उत्तर मिळते. ताराबाई आणि अनुताई कोसबाडलाच राहत. त्या दोघी होत्या. एकीला दुसरीची सोबत होती. काय शिकवावे आणि कसे शिकवावे याचे त्यांना स्वातंत्र्य होते, आणि ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांचा सन्मान केला. जीवनशाळांचे शिक्षक मुलांमध्येच राहत आणि त्यांची भाषा त्यांच्या तोंडी जन्मतःच होती. पैसा त्यांच्यापाशी नव्हता. परंतु वास्तव्य, सोबत, स्वातंत्र्य आणि मान या चार गोष्टी होत्या. जिल्हा परिषदेच्या आजच्या शिक्षकापाशी पैसा आहे आणि या चारही गोष्टी अपुऱ्या आहेत. शिवाय असामान्य माणसांच्या त्यागावर एखादे केंद्र उभे राहते, संपूर्ण तालुक्याची व्यवस्था उभी राहत नाही. सामान्य कुवतीच्या, संसारी, प्रामाणिक माणसाला चांगले शिकविता यावे, अशी रचना करणे हे समाजाचे काम आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांना हे नेमके उमगले होते. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या या महापुरुषाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु भाऊरावांच्या कार्याचे एक अंग तुलनेने कमी चर्चिले जाते. संस्थेच्या सेवकांसाठी त्यांनी स्वातंत्र्यापूर्वीच सहकारी बँक उभी केली. आजारपण, लग्नकार्य, घरबांधणी यांसाठी शिक्षकाने सावकाराच्या दारी जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी. स्वतः कमालीच्या त्यागाने जगणाऱ्या या माणसाने आपल्या शिक्षकांच्या संसाराची चिंता मात्र व्यवहारी दृष्टीने वाहिली. त्याग हा स्वतः करावयाचा असतो. दुसऱ्याकडून वसूल करावयाचा नसतो.

समाजाला काय करता येईल

ज्ञानसाधनेला निवारा लागतो, ही गोष्ट जैन समाजाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. चातुर्मासात साधू-साध्वींच्या वास्तव्याची, आहाराची, औषधोपचाराची व्यवस्था श्रावक किती दक्षतेने करतात! त्या चार महिन्यांत स्वाध्याय आणि प्रवचन निर्विघ्न चालते, त्यामागे संघाची ही मूक तजवीज असते. ज्यांनी सर्वस्व त्यागले, त्यांच्यासाठीही संघ छप्पर पाहतो; मग ज्याने काहीही त्यागलेले नाही, जो बायको-मुलांचा धनी असलेला साधा गृहस्थ आहे, त्या शिक्षकाला ‘व्रतस्थ’ म्हणून गौरवावे आणि त्याच्या निवाऱ्याचा विषय निघताच मौन धरावे, हे विसंगत आहे.

व्यापारी कुटुंबांचे दान शाळांपर्यंत पोहोचतच असते. वर्गखोली, पाण्याची टाकी, गणवेश, वह्या, संगणक यांवर दात्यांची नावे दिसतात. शिक्षक निवासावर नाव क्वचितच दिसते. एखाद्या विश्वस्त संस्थेने किंवा चार कुटुंबांनी एकत्र येऊन, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या रीतसर परवानगीने, एखाद्या दुर्गम शाळेच्या आवारात दोन शिक्षकांसाठी दोन-दोन खोल्या, स्वच्छतागृह, पाणी आणि सौरदिवा यांची सोय केली, तर ते दान वर्गखोलीहून कमी मोलाचे ठरणार नाही. मालकी सार्वजनिक राहावी, देखभालीसाठी थोडी रक्कम मुदत ठेवीत स्वतंत्र ठेवावी आणि तिच्या व्याजातून डागडुजी व्हावी. नाहीतर तीन पावसाळ्यांत छप्पर गळू लागते आणि दानाची केवळ पाटी उरते.

ज्यांना एवढे शक्य नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. धडगाव, तळोदा, शहादा या गावांत ज्यांच्या घराच्या खोल्या रिकाम्या आहेत, त्यांनी शिक्षक कुटुंबाला, विशेषतः एकट्या शिक्षिकेला, वाजवी भाड्याने खोली द्यावी आणि आपल्या घरातील लेकीसारखी तिची विचारपूस करावी. धडगावला एखादी खोली शिक्षकांच्या वाचनासाठी राखून ठेवावी. तेथे चार मासिके, पुस्तके, चहाची सोय आणि महिन्यातून एकदा ‘या महिन्यात वर्गात काय साधले’ एवढ्याच विषयावर गप्पा व्हाव्यात. ज्या शिक्षकाने मुलांच्या बोलीतील शब्दांची वही तयार केली असेल, तिच्या शंभर प्रती छापून देण्यास फारसा खर्च येत नाही. परंतु बदली होऊन जाताना तो शिक्षक आपल्या मागून येणाऱ्याच्या हाती तीन वर्षांची कमाई ठेवून जाईल.

यात व्यापाऱ्याचेही हित आहे, हे सांगण्यात संकोच नसावा. वजनकाट्यावरील आकडा ज्याला वाचता येत नाही, असा गिऱ्हाईक फायद्याचा, अशी समजूत एके काळी काही बाजारांत होती. तिने व्यापाराला पैसा दिला असेल. पत दिली नाही. ज्या बाजारात माल आणणारी आई काट्याकडे पाहते, तिचा मुलगा पावती वाचतो आणि दोघेही पुढच्या मोसमात त्याच दुकानी परत येतात, तो बाजार दीर्घकाळ टिकतो.

धडगावच्या वाटेने मालाची वाहने रोज जातात-येतात. त्यांच्याच मागेपुढे शिक्षकांच्या जीपही धावत असतात. सकाळी वर, सायंकाळी खाली. यांपैकी काही शिक्षकांना सायंकाळी खाली उतरण्याची गरज वाटू नये, शाळेशेजारच्या खोलीत त्यांची चूल पेटावी, ओसरीवर पाड्यातील चार मुले गोळा व्हावीत आणि अंगणात वाळत घातलेल्या आमचुराकडे बोट दाखवून एखाद्या मुलाने त्याचा पावरी शब्द गुरुजींना शिकवावा. दुसऱ्या दिवशीचा धडा त्या सायंकाळीच तयार झालेला असेल.